वहिवाट

विसाव्यासाठी परदेशी जावे आणि तेथे आपण स्वतःच दिलेला एक जुना निकाल आठवून झोप उडावी, असा योग आमच्या वाट्याला 2024 च्या मार्च महिन्यात आला. टोरांटोस असलेल्या लेक-जावयांनी आम्हां उभयतांना आठ दिवसांसाठी जमैका बेटावर नेले होते. कॅरिबियन समुद्रातले हे बेट आमच्या पिढीला ठाऊक झाले ते क्रिकेटमुळे. 1976 साली किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांनी आपल्या फलंदाजांना जायबंदी केले, तेव्हा आम्ही इंदुरास नुकतेच कॉलेजात गेलो होतो आणि त्या बेटाविषयी आमच्या मनात एक राग बसला होता. तो राग तेथील समुद्र पाहिल्यावर पहिल्या संध्याकाळीच मावळला, हे आधी सांगून टाकलेले बरे.

माँटेगो बेच्या विमानतळापासून पश्चिमेकडे सुमारे 80 किलोमीटरवर नेग्रिल नावाचे गाव आहे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तेथवर नीट रस्ता आला; तोपर्यंत ती कोळ्यांची आडबाजूची वस्ती होती. पुढे अमेरिकेतली लांब केसांची तरुण मंडळी कोळ्यांच्याच घरांतून पथारी टाकून राहू लागली आणि त्यातून तेथला पर्यटनाचा धंदा उभा राहिला. आमचा मुक्काम त्या जुन्या चालीच्या एका ठिकाणी होता. वाळूला लागून आठ खोल्या, वर पत्रे, खाली सिमेंटची जमीन, पलंगावर मच्छरदाणी, छताला पंखा. नळाचे पाणी दुपारच्या उन्हाने तापेल तेवढेच ऊन. प्रत्येक खोलीपुढे ओसरी आणि ओसरीत दोन खुर्च्या. जावईबापूंनी असे ठिकाण मुद्दाम निवडले होते. मोठ्या हॉटेलात सर्व काही मिळते, पण तो देश मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

आम्हांला ती जागा लगेच मानवली. नोकरीतील तीसएक वर्षे दौऱ्यावरच्या विश्रामगृहांत काढलेल्या माणसाला पत्रे आणि पंखा यांचे काय अप्रूप? सकाळी मालकीणबाई स्वतः न्याहारी आणीत. सौ. शाकाहारी असल्याचे कळताच त्यांनी माठाच्या जातीची पालेभाजी आणि भाजलेला नीरफणस देण्यास सुरुवात केली. हा नीरफणस कोकणातही होतो. जमैकात मात्र तो 1793 साली कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून जहाजाने आणला. मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात पोसता यावे, हा त्यामागचा हेतू. चव चांगली होती; हा इतिहास मात्र आम्हांला दोन दिवसांनी कळला, आणि नंतर तो घास पूर्वीसारखा सहज उतरेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमची झोप माणसांच्या आवाजाने मोडली. चार-पाच कोळी होडी ओढीत होते. त्यांच्या मागून दोन बाया घमेली घेऊन आल्या, आणि थोड्या वेळाने गणवेशातली मुले दप्तरे पाठीवर टाकून त्याच वाळूतून शाळेकडे निघाली. ही सर्व रहदारी आमच्या ओसरीपासून दोन हातांवरून चालली होती. एकाने तर थांबून आमची चौकशी केली आणि होडीतून प्रवाळ पाहावयास येता काय, म्हणून विचारले. तिसऱ्या दिवशीही तेच. आम्ही मालकीणबाईंकडे सौम्य शब्दांत तक्रार केली. पाहुण्यांनी पैसे मोजलेले असताना एवढी तरी निवांतता मिळावी, असा आमचा मुद्दा. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ती त्यांची वाट आहे. माझ्या आईने या खोल्या बांधल्या तेव्हाही ती तेथूनच जात होती." एवढे बोलून त्या चहा आणावयास गेल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

त्याच दुपारी आम्ही किनाऱ्याने उत्तरेकडे फिरावयास निघालो. त्या बाजूस मोठी हॉटेले आहेत. येथे राहणे, खाणे, पिणे यांचे सगळे पैसे माणूस घरून निघण्यापूर्वीच भरून येतो. एका हॉटेलच्या हद्दीवर वाळूत दोरी बांधली होती आणि पहारेकरी उभा होता. आम्ही डोक्यावर टोपी आणि गळ्यात कॅमेरा अशा थाटात गेलो. त्याने हसून मान हलवली. आमच्या मागोमाग शहाळी विकणारा एक तरुण येत होता. त्याला मात्र परत पाठवण्यात आले. तो वाद घालीत बसला नाही, यावरून त्याला ते नवीन नव्हते हे उघड होते. आम्ही परक्या देशातले, तीन दिवसांचे पाहुणे. तो तेथेच जन्मलेला. आणि दोरी ओलांडण्याची मुभा आम्हांला.

महसुलात आयुष्य गेलेल्या माणसाला अशा वेळी पहिला प्रश्न कायद्याचा सुचतो. लेकीच्या संगणकावर आम्ही तो शोधून काढला. जमैकाच्या 1956 च्या किनारा नियंत्रण कायद्याप्रमाणे भरती-ओहोटीमधली जमीन आणि समुद्राचा तळ यांचे स्वामित्व राजसत्तेकडे आहे. तिचा व्यापारी उपयोग करणाऱ्यास परवाना मिळतो; पण समुद्रात उतरण्याचा सरसकट हक्क मात्र सामान्य प्रजेस नाही. याच्या उलट बार्बाडोस या शेजारच्या देशात सगळे किनारे सर्वांसाठी खुले मानले जातात. जमैकातही एक जुना आधार शिल्लक आहे. 1882 च्या वहिवाट कायद्यात असे आहे की, एखादा किनारा आणि त्याकडे जाणारी वाट लोकांनी मासेमारीसाठी, स्नानासाठी वा करमणुकीसाठी अखंड 20 वर्षे वापरली असेल, तर तो हक्क अबाधित होतो. अलीकडच्या वर्षांत काही किनाऱ्यांसाठी लोक याच आधारावर न्यायालयात गेले आहेत. अखंड वापर सिद्ध करणे किती कठीण, हे ज्यांनी वाटेचे तंटे पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको. ज्याचे कुंपण आहे त्याच्याकडे कागद असतो, आणि ज्याची वाट आहे त्याच्याकडे पुरावा म्हणून फक्त पाय असतात.

तेथे, त्या ओसरीत, आम्हांला निमाडातले प्रकरण आठवले.

1991 साल असावे. आम्ही निमाडातील एका तहसिलीत तहसीलदार होतो. नर्मदेच्या काठचे एक गाव. गावातून घाटाकडे जाणारी पायवाट एका खातेदाराच्या शेतातून जात असे. बाया धुणे घेऊन तिकडून जात, गुरे पाण्यावर नेत, आणि कोणी गेले तर त्यासही त्याच वाटेने नेत. खातेदाराने केळी लावली आणि तारेचे कुंपण घातले. गावकऱ्यांनी अर्ज दिला. आम्ही पटवाऱ्याकडून अहवाल मागवला. वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रूढ हक्कांचे जे दप्तर ठेवले जाते, त्यात त्या वाटेची नोंद निघाली नाही. निस्तार पत्रकातही नव्हती. घाटाला दुसरा सरकारी रस्ता होता. तो अर्ध्या कोसाचा फेरा घेऊन जात असे. दोन पेश्यांत आम्ही अर्ज खारीज केला. खातेदाराचे म्हणणेही खोटे नव्हते. गुरे पिकात शिरत, नुकसान होई, आणि केळीला त्याने कर्ज काढले होते. निकाल वाचून झाल्यावर दाराशी बसलेल्या एका म्हातारीने विचारले, "साहब, नर्मदाजी लिखी हैं का कागद में?" कचेरीत थोडा हशा झाला. आम्हीही हसलो असू.

तो निकाल बेकायदा नव्हता. त्यावर अपीलही झाले नाही. झाले असते तरी टिकला असता, असे आम्हांला आजही वाटते. परंतु 1959 च्या आमच्या भू-राजस्व संहितेत कलम 131 आहे. शेताकडे अथवा चराईकडे जाणाऱ्या वाटेचा तंटा उद्भवल्यास तहसीलदाराने जागेवर चौकशी करून, पूर्वीची रूढी आणि सर्व पक्षांची सोय पाहून निर्णय द्यावा, असे ते सांगते. घाटाची वाट त्या शब्दांत नेमकी बसत नव्हती. पण गुरे होती, पाणी होते, आणि जागेवर जाण्यास कोणी मनाई केली नव्हती. गाव तहसिलीपासून जीपने पाऊण तासावर. आम्ही गेलो नाही. मार्चअखेरीची वसुली चालू होती, हे कारण. पण खरे कारण असे की, कागद स्पष्ट असताना माणसे पाहण्याची गरज आम्हांला वाटली नाही.

प्रश्न कायद्याचा नाही. कायद्याने जे आपले आहे, ते सगळे आपले आहे काय, हा प्रश्न आहे. आम्ही खोलीचे भाडे दिले, न्याहारीचे पैसे दिले. ते बाईंचे होते, त्यांनी विकले, आम्ही घेतले. परंतु पहाटेची निवांतता आणि रिकामी वाळू हीही त्या भाड्यात आहेत, असे आम्ही गृहीत धरले होते. ती विकण्याचा अधिकार बाईंना नव्हता आणि त्यांनी ती विकलीही नाही. मोठ्या हॉटेलात मात्र तीच वस्तू विकली जाते. दुसऱ्याचे तेथे नसणे, हाच त्या मालाचा मोठा भाग असतो. आणि ओसरीवर बसून तक्रार करताना आम्ही मागत होतो ती तीच वस्तू, फक्त स्वस्तात.

जावईबापूंना हे पटले नाही. सौम्य स्वभावाचे आहेत, पण हिशेबाला पक्के. त्यांचे म्हणणे असे की, कुंपण नसेल तर पाहुणा येणार नाही, पाहुणा नसेल तर त्या शहाळेवाल्याच्या बहिणीला खोल्या झाडण्याचे काम मिळणार नाही. वाट वाचवून पोट कसे भरेल? हा आक्षेप हलका नाही. खातेदाराच्या केळीइतकाच तो खरा आहे. आमच्याकडे त्याला पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येते की, ज्याची वाट गेली आणि ज्याला काम मिळाले, तो दर वेळी एकच माणूस नसतो. आणि एकच असला, तरी अदलाबदल करावी काय हे त्याला कोणी विचारलेले नसते. आमच्या प्रांतात अहिल्याबाईंनी घाट आणि धर्मशाळा बांधल्या. धर्मशाळेत उतरलेल्या वाटसरूने घाटावरच्या गर्दीची तक्रार केली असती, तर त्याला वेड्यात काढले असते. तो पैसे देत नव्हता, म्हणून त्याला आपली जागा ठाऊक होती, असे तर नसेल?

बाईंच्या जागेला कुंपण नाही, हे त्यांचे औदार्य आहे असे आम्ही समजत होतो. तेही अर्धेच खरे. एका संध्याकाळी त्यांनीच सांगितले की, जमीन त्यांच्या एकटीच्या नावे नाही. पणजोबांपासून आलेली, सर्व वारसांची सामाईक, वाटणी नाही, नोंद नाही. अशा जमिनीस तेथे 'कुटुंबाची जमीन' म्हणतात आणि ती बेटावर पुष्कळ आहे. गुलामगिरी 1838 मध्ये पुरती संपली तेव्हा कागदावरच्या जमिनी बहुतांशी मळेवाल्यांच्या होत्या. सुटलेल्या माणसांनी जे मिळवले ते कसून आणि राहून मिळवले. बाईंच्या आईकडच्या एक पूर्वज हिंदुस्थानातून ऊस तोडावयास आल्या होत्या, 1845 पासून 1917 पर्यंत जे सुमारे 36 हजार लोक करारावर नेले गेले, त्यांतल्या. कोठल्या गावच्या, ते बाईंना माहीत नव्हते. म्हणजे कोळ्यांची वाट जशी नुसत्या वहिवाटीवर उभी, तशाच बाईंच्या आठ खोल्याही. त्यांनी त्या वाटेला हात का लावला नाही, हे आम्हांला तेव्हा समजले.

28 ऑक्टोबर 2025 रोजी मेलिसा हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ नेग्रिल ज्या वेस्टमोरलँड परगण्यात मोडते, त्याच परगण्याच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच्या पूर्वेकडील ब्लॅक रिव्हर गाव उद्ध्वस्त झाले. लेकीला बाईंचा निरोप बऱ्याच दिवसांनी आला. माणसे सुखरूप, दोन खोल्यांचे पत्रे गेले, झाडे पडली. कर्जासाठी बँक कागद मागते. आणखी असेही की, जमिनीची चौकशी करावयास कोणी येऊन गेले. आम्हांला बार्बुडा बेटाची गोष्ट वाचलेली आठवली. तेथली जमीन पिढ्यान्‌पिढ्या सर्व रहिवाशांची सामाईक. 2007 च्या कायद्याने तसे लिहूनही ठेवले होते. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा वादळाने बेट रिकामे करावे लागले, आणि लोक पुरते परतण्यापूर्वीच तो कायदा बदलण्याचे काम सुरू झाले. वादळ छप्परे नेते; वाटा त्याच्यानंतर जातात.

लेकीने थोडे पैसे पाठवले, आम्हीही पाठवले. त्याने काही फिटले, असे आम्ही म्हणत नाही.

त्याच हिवाळ्यात आम्ही एकदा इंदुराहून गाडी करून निमाडात उतरलो. सौ. ना महेश्वरला जावयाचे होते. वाटेत वळण घेऊन आम्ही ते गाव गाठले. चौतीस वर्षांत आम्ही तेथे प्रथमच पाऊल टाकत होतो. केळीची बाग दिसली नाही, त्या जागी कापूस होता आणि कुंपण तारेऐवजी विटांचे झाले होते. वडाखाली एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा सायकल घेऊन उभा होता. त्याला घाटाची वाट विचारली. त्याने हात करून फेऱ्याचा सरकारी रस्ता दाखवला.

"जवळची दुसरी वाट नाही का रे? या शेतातून?" आम्ही विचारले.

त्याने भिंतीकडे पाहिले, मग आमच्याकडे. "इधर से तो कभी थी ही नहीं," तो म्हणाला, आणि आम्हांला घाट दाखवण्यासाठी सायकलवर बसून पुढे निघाला.