आशेचे मोल

आपल्या शास्त्रकारांनी पुरुषार्थांत कामाची गणना केली, ती काही अनवधानाने नव्हे. धर्म आणि अर्थ यांच्या पंक्तीस बसवून त्यांनी कामाला मर्यादा घातली, तशी प्रतिष्ठाही दिली. मर्यादा आपण ध्यानात ठेविली. प्रतिष्ठा मात्र विसरलो. या विस्मरणाची किंमत कोणास मोजावी लागते, हे एका वैद्यकीय प्रश्नाच्या निमित्ताने पाहण्यासारखे आहे.

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात पुष्कळदा ती ग्रंथीच काढून टाकतात. तिच्या दोन्ही अंगांना लगटून अतिसूक्ष्म मज्जातंतू जातात; शिश्नाची ताठरता त्यांच्यावर अवलंबून असते. हे तंतू राखून शस्त्रक्रिया करण्याची रीत १९८२ साली बाल्टिमोर येथे डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी घालून दिली. तरीही तंतू दुखावतात; कधी रोगाबरोबर तेही कापावे लागतात. १९९८ पासून प्रचारात आलेली सिल्डेनाफिलची गोळी अशा रुग्णांत बहुधा उणी पडते. कारण तंतूंनी नायट्रिक ऑक्साइड सोडल्यावरच तिचे कार्य सुरू होते. दूतच आला नाही, तर निरोप वाचावा कोणी?

येथे मूलपेशींची आशा पुढे येते. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून वा चरबीतून काढलेल्या पेशी शिश्नात टोचल्या असता दुखावलेले तंतू व स्नायू सावरतील, अशी ही कल्पना आहे. उंदरांत तिचे फळ दिसले. माणसांवरील दोन प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील प्रयोगात १२ पुरुष होते, डेन्मार्कमधील प्रयोगात १७. कित्येकांस गुण आला. परंतु तुलनेसाठी निराळा गट नव्हता, आणि असे तंतू आपणहून सावरण्यासही दोन-दोन वर्षे लागतात. मग गुण सुईचा म्हणावा की काळाचा? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्ताच्या काही विकारांखेरीज, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर मूलपेशींचा उपचार करणे अनैतिक ठरविले, ते याच कारणास्तव.

कोणी म्हणेल, ‘जीव वाचला, एवढे पुरे नाही काय? ही तर ययातीची हाव!’ परंतु ययातीने पुत्राचे तारुण्य मागितले. हा मनुष्य दुसऱ्याचे काहीच मागत नाही. शस्त्राने हिरावलेले दांपत्यसुख परत मिळावे, एवढीच त्याची इच्छा. ती गृहस्थाला लाज आणणारी नव्हे.

दुसरा म्हणेल, ‘आशेनेही मन तगते, मग ती विकली तर बिघडले कोठे?’ बिघडते ते असे, की विकत घेतलेली आशा पैशाबरोबर वेळही नेते. निर्वात पंप, ताठरता आणणारे औषधी इंजेक्शन, कृत्रिम रोपण हे परिचित उपाय तोवर विचारातच येत नाहीत. शिवाय प्रयोगास देह देणारा हा दाता होय. दात्याकडूनच मोल घेणे हा कोणता व्यवहार?

गुडघ्याच्या उपचारात फसलेला मनुष्य देवळाच्या सभामंडपात चारचौघांस सांगतो, आणि पुढचे दहा सावध होतात. येथे फसलेला पत्नीजवळही बोलत नाही. त्याची लज्जा हीच विक्रेत्याची ढाल, आणि ती ढाल आपल्या कुजबुजीने व थट्टेने घडविलेली आहे. म्हणून वैद्याने शस्त्रक्रियेपूर्वीच पतिपत्नींस सत्य सांगावे, हे जसे त्याचे कर्तव्य, तसे अशा दुःखाची थट्टा न करणे हे आपले. ज्या समाजात हे दुःख उघड बोलता येईल, तेथे खोट्या आशेला गिऱ्हाईक मिळणे कठीण.