पटावरील नीति

खेळतांना मनुष्याच्या हातून जें घडतें त्याला नीति-अनीतीची कसोटी लावावी काय, हा प्रश्न विद्वानांच्या ग्रंथांत क्वचितच डोकावतो. खेळ ही मुलांची बाब आणि नीति ही मोठ्यांची, अशी आपण सोयीची वाटणी करून ठेविली आहे. आमचीही समजूत बरेच दिवस अशीच होती. गेल्या दिवाळींत आमच्या गांवीं, म्हणजे भूम तालुक्यांतील ईट येथें, घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें ती डळमळली. म्हणूनच हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या थोरल्या चुलत्यांना घरांत सर्वजण अण्णा म्हणतात. त्यांचा दहा वर्षांचा नातू पुण्याहून ‘व्यापार’ हा खेळ घेऊन आला होता. फराळ झाल्यावर ओसरीवर पट मांडला गेला, आणि अण्णा, त्यांची सून, नातू व आम्ही असे चौघे खेळावयास बसलों. फांसे नातवाला अनुकूल पडत गेले. तासाभरांत अर्धीं शहरें त्याच्या मालकीचीं झालीं, आणि भाडें देतां देतां अण्णांजवळचे कागदी पैसे संपले. तेव्हां नातू हर्षानें ओरडला, “आजोबा, आतां जमीन गहाण टाका! नाहींतर तुम्ही बाद!” अण्णांनीं हातांतले पत्ते पटावर ठेविले आणि कांहीं न बोलतां ते अंगणांत निघून गेले. मुलगा गोंधळला. सूनबाई ओशाळून म्हणाल्या, “अहो अण्णा, हा तर खेळ आहे!”

१९७२ च्या दुष्काळांत आमच्या आजोबांनीं जनावरांच्या कडब्यासाठीं माळावरचें रान गहाण टाकिलें. तें पुढें सुटलेंच नाहीं. कागदावर अंगठा उठविणाऱ्या बापाशेजारीं त्या दिवशीं अण्णा उभे होते. ही हकीकत मुलाला कोणीं सांगितलेली नव्हती. मग चूक कोणाची? मुलाची म्हणावी, तर त्यानें नियमाबाहेर कांहींच केलें नव्हतें. अण्णांची म्हणावी, तर आपल्याच मनाला तें रुचत नाहीं.

सूनबाईंचें म्हणणें टाकाऊ आहे असें मात्र नव्हे. बुद्धिबळांत घोडा मारल्यानें हिंसा घडत नाहीं. रंगभूमीवर खलपुरुषाची भूमिका करणारा नट दुष्ट ठरत नाहीं. त्याप्रमाणेंच पटावर दुसऱ्यास भिकेस लावणारा गडी निर्दय ठरूं नये. उलट दया येऊन मुद्दाम हरणारा गडी समोरच्याचा एक प्रकारें अपमानच करतो. हें सर्व आम्हांस मान्य आहे. खेळाला स्वतःचें कुंपण असतें, व त्याच्या आंत बसलेला धक्का बाहेरच्या मापानें मोजूं नये. परंतु एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. तो केवळ एक पायरी मागें सरकतो. नट निर्दोष असेल, पण नाटक कोणीं लिहिलें?

‘व्यापार’ हा ज्या ‘मोनोपॉली’चा देशी अवतार आहे, तिचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनीं १९०४ मध्यें ‘लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचें पेटंट मिळविलें. हेन्री जॉर्ज या अर्थविचारकाच्या त्या अनुयायी. जमिनीच्या भाड्यावर थोडे लोक गबर होतात व पुष्कळ लोक दरिद्री राहतात, हें लोकांना प्रत्यक्ष दाखवावें, हा त्यांचा हेतु. या पटासाठीं त्यांनीं नियमांचे दोन संच केले. एका संचाप्रमाणें संपत्ति निर्माण झाली कीं तिचा लाभ सर्वांस मिळे. दुसऱ्याप्रमाणें बाकीच्यांस चिरडून एकट्यानें मक्तेदार व्हावयाचें. पुढें हा पट अनेक हातांतून फिरला, चार्ल्स डॅरो यानें तो आपला म्हणून विकला, आणि १९३५ मध्यें पार्कर ब्रदर्स या कंपनीनें मॅगीबाईंचें पेटंट ५०० डॉलरांस विकत घेतलें. जगभर पसरला तो दुसरा संच. पहिला लोक विसरले. जमीनदारीचा दोष दाखविण्यासाठीं निघालेला खेळ जमीनदारीची गोडी लावूं लागला! जिंकणें म्हणजे काय, एवढ्या एका गोष्टीच्या उत्तरावर सर्व अवलंबून होतें.

आपल्याकडे मोक्षपटाच्या कर्त्यानें याच प्रश्नाला वेगळें उत्तर दिलें होतें. हा पट ज्ञानेश्वरांनीं रचिला अशी परंपरा आहे. तिला समकालीन पुरावा मात्र मिळत नाहीं, व आज उपलब्ध असलेले पट बरेच अलीकडचे आहेत. कर्ता कोणीही असो, त्याचा विचार स्पष्ट आहे. घरांवर सद्गुण-दुर्गुणांचीं नांवें, सद्गुणापाशीं शिडी, दुर्गुणापाशीं साप, आणि शेवटीं वैकुंठ किंवा मोक्ष. हाच खेळ १८९२ च्या सुमारास इंग्लंडच्या बाजारांत आला, आणि हळूहळू घरांवरचीं नांवें पुसलीं जाऊन साप व शिड्या तेवढ्या उरल्या.

तथापि मोक्षपटांतही एक उणीव आहे, ती आदरापोटीं लपवूं नये. दयेच्या घरांत गडी आपण होऊन जात नाहीं. त्याला कवड्या नेतात. जेथें निवड नाहीं तेथें पुण्य कसलें? हा पट नम्रता उत्तम शिकवितो. परंतु विवेक शिकविण्यास निवड लागते, आणि ती त्याच्यापाशीं नाहीं.

ही निवड अलीकडच्या खेळकर्त्यांनीं आणिली. जर्मनींत १९७९ पासून वर्षांतील उत्तम खेळास पारितोषिक दिलें जातें, आणि ग्रंथकाराप्रमाणें खेळकर्त्याचें नांव पेटीवर छापण्याची चाल आतां रूढ झाली आहे. आमच्या मतें या चालींत मान आहे तितकीच जबाबदारीही आहे. क्लाउस टॉयबर हे व्यवसायानें कृत्रिम दांत तयार करणारे गृहस्थ. त्यांच्या ‘कॅटन’ (१९९५) या खेळांत कोणीही डावांतून बाद होत नाहीं, आणि शेजाऱ्याशीं देवघेव केल्यावांचून सहसा निभाव लागत नाहीं. मॅट लीकॉक यांच्या ‘पँडेमिक’ (२००८) मध्यें सर्व गडी मिळून सांथींशीं झुंजतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. मुंबईच्या झैन मेमन यांच्या ‘शासन’ या खेळांत गडी राजकारणी होतो, धोरणविषयक प्रश्नांचीं उत्तरें देऊन साधनें मिळवितो व त्यांच्या बळावर मतदार आपलेसे करतो. थोड्याच वेळांत त्याला उमगतें कीं, आपण जें उत्तर देतों तें पटतें म्हणून देत नाहीं, लाभाचें म्हणून देतों. असा आरसा वर्तमानपत्राच्या दहा अग्रलेखांनींही समोर धरतां येणार नाहीं.

याच्याही पुढें गेलेला एक खेळ आहे, तो ब्रेंडा रोमेरो या अमेरिकन बाईंचा ‘ट्रेन’ (२००९). गड्यांनीं लहान लहान माणसें आगगाडीच्या डब्यांत भरून मुक्कामीं पोंचवावयाचीं, इतकाच त्यांतील उद्योग. पत्ता उलटल्यावर कळतें कीं, तो मुक्काम म्हणजे ऑशविट्झ. हें कळल्यावर पुढें खेळण्यास नकार देणारे लोक निघाले. नियम होते तेच होते. पण ‘हा तर खेळ आहे’ हें वाक्य त्यांच्यानें म्हणवेना.

तें वाक्य पटापुरतें राहत नाहीं, हीच खरी चिंतेची गोष्ट. ‘हा तर व्यवहार आहे,’ ‘हा तर कायदा आहे,’ हीं त्याचींच थोरलीं भावंडें होत. १९७२ सालीं ज्यानें आमचें रान लिहून घेतलें, त्यानेंही मनाशीं असेंच कांहीं म्हटलें असेल. आणि नियमाप्रमाणें पाहतां तो चुकलाही नसेल. नियम पाळला म्हणजे आपलें उत्तरदायित्व संपलें, ही संवय ज्या घरांत मुलांना पटावर लागते, त्या घरांत ती पुढें बाजारांत आणि कचेरींतही टिकते.

तर मग खेळूंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. नियमाच्या आंत जिंकणें हा गड्याचा हक्क आहे. दुसरा बुडाला म्हणून टाळ्या पिटणें ही मात्र ज्याची त्याची करणी, तिचा दोष नियमावर टाकतां येत नाहीं. जिंकण्याचा अर्थ ठरविणें हें खेळकर्त्याचें काम, आणि त्या अर्थाबद्दल त्यास जाब विचारणें योग्य आहे. घरांतील वडील मंडळींचें कर्तव्य याहून सोपें आहे, पण आपण तेंच विसरतों: हे नियम आभाळांतून पडलेले नाहींत, कोणा माणसानें केलेले आहेत, व म्हणून ते बदलतां येतात, एवढें मुलांना सांगावें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अण्णांनीं स्वतःच नातवाला माळावर नेऊन तें रान दाखविलें. काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं. सायंकाळीं मुलानें जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर पेन्सिलीनें एक नवा पत्ता तयार केला: दुष्काळ पडला कीं त्या फेरींत कोणीं कोणाकडून भाडें घ्यावयाचें नाहीं. आम्हीं त्यास मॅगीबाईंची गोष्ट सांगितली, ती ऐकून त्यानें विचारलें, “मग तो पहिला नियम पेटींत कां नाहीं?” या प्रश्नाचें उत्तर आम्हांस चटकन देतां आलें नाहीं.

पुन्हां पट मांडला गेला. अण्णा याही खेपेस हरले; परंतु डाव संपेपर्यंत ते बसून राहिले.