युक्ती, भक्ती आणि दावा

पडद्यावरचा चमत्कार कॅमेऱ्याच्या करामतीने घडवलेला असेल, तर त्याला हात जोडणारा माणूस फसला असे म्हणायचे का? दादासाहेब फाळक्यांचे काम पाहिले तर तसे म्हणता येत नाही. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी चित्रित करून अनेक दिवसांची गोष्ट काही क्षणांत दाखवली. कॅमेरा थांबवायचा आणि पुन्हा सुरू करायचा, एवढीच ती युक्ती. पडद्यावरचा देव प्रकटतो आणि अंतर्धान पावतो तोही याच जातीच्या युक्तीने. रोपाच्या बाबतीत तिने उघड्या डोळ्यांना न दिसणारे सत्य दाखवले, देवाच्या बाबतीत कॅमेऱ्यासमोर कधीच न घडलेले काही. तेव्हा खरेखोटेपणा युक्तीला चिकटलेला नाही. ती दाखवणारा कसला दावा करतो, यावर तो ठरतो.

कुणी म्हणेल, हवेतून अंगारा काढणारा बुवाही युक्तीच वापरतो. पण बुवाला ती लपवावी लागते. उघडी पडली की त्याचे देवपण संपते. फाळक्यांनी मात्र चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपट स्वतःच काढला. ‘कालियामर्दन’च्या (१९१९) आरंभी त्यांची मुलगी मंदाकिनी चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखवते आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तीच कृष्ण होते. सोंग आधी सांगून मग लीला दाखवली आहे. शाडूच्या गणपतीचेही तसेच: माती आहे हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते, तरी प्राणप्रतिष्ठेपासून विसर्जनापर्यंत तो देव असतो.

यावर आणखी एक आक्षेप उरतो: पहिल्यावहिल्या प्रेक्षकांना तंत्र कुठे कळत होते? ‘लंकादहन’मध्ये (१९१७) राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाच्या होत्या, आणि राम पडद्यावर आला की लोक पायातले जोडे काढत असे सांगतात. परंतु रामावरची श्रद्धा त्यांना तिकिटाबरोबर मिळालेली नव्हती. कीर्तनातून, घरच्या पोथीतून आलेला राम ते सोबत घेऊनच तंबूत शिरले होते. चित्राने नमस्काराला निमित्त दिले, पुरावा दिला नाही. आज संगणकाने रचलेले दृश्य खऱ्याहून खरे दिसते, तरी कसोटी हीच राहते. चित्रपट म्हणून दाखवलेला चमत्कार कुणाला फसवत नाही. तोच ‘अमुक ठिकाणी खरोखर घडला’ म्हणून मोबाइलवर फिरवला, तर ती लबाडी आहे, मग फिरवणारा कितीही भाविक असो.