मिसळ आणि भेसळ

आपली तत्त्वं किती पक्की आहेत हे तपासायचं असेल तर माणसाला एक पुतण्या असावा. मुलगा असून भागत नाही. मुलाच्या बाबतीत आपण तत्त्वं केव्हाच गुंडाळून माळ्यावर टाकलेली असतात. पुतण्याला मात्र मनसोक्त उपदेश करता येतो, आणि त्याची फी भरायला आपल्याला जावं लागत नाही.

माझा पुतण्या पुण्यात इंजिनिअर आहे आणि गिटार वाजवतो. 'वाजवतो' हे त्याचं म्हणणं. शेजाऱ्यांचा शब्द वेगळा आहे. यंदा दिवाळीत आम्ही सगळे पिंपरी पेंढारला, आमच्या गावी, जमलो होतो. माळशेज घाट चढून कल्याणचा रस्ता ओतूर मागे टाकून आळेफाट्याकडे निघतो, त्याच रस्त्यावर आमचं गाव. पूर्वी इथं रात्री ओट्यावर चांदणं बघत बसायचे. आता उसात बिबट्या असतो, म्हणून कडी लावून घरात बसतात. रात्री शेतात पाणी धरायला जाणारा माणूस मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून जातो. ही थट्टेची गोष्ट नाही. या भागात माणसं गेली आहेत. पण संगीताचा असा रोकडा उपयोग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तर असे आम्ही कडी लावून बसलो असताना पुतण्या म्हणाला, "काका, एक गाणं ऐकवतो. आजीचं आहे."

आजी म्हणजे माझी आत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दात तीन, आणि जात्यावरच्या ओव्या किती, ते कुणी मोजलेलं नाही. गावात पिठाची गिरणी आल्यावर घरचं जातं कोपऱ्यात गेलं, पण ओव्या आत्याच्या तोंडी राहिल्या. पुतण्यानं गेल्या मे महिन्यात त्या मोबाइलवर टिपून घेतल्या होत्या. गाणं सुरू झालं. आत्याचा आवाज, थोडा घोगरा, जात्याच्या पाळीसारखा फिरणारा. मी डोळे मिटले. पहाटेची वेळ, आईचं उबदार अंथरूण, सगळं आठवायला लागलं. आणि एवढ्यात कुणीतरी पत्र्याच्या छपरावर ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी केली.

"हे काय रे?" मी ओरडलो.

"गिटार आहे काका. आणि ड्रम. याला फोक-पंक म्हणतात."

मग त्यानं मला समजावून दिलं. अमेरिकेत 'कंट्री' नावाचा गाण्यांचा प्रकार आहे. शेत, आगगाडी, दारू, तुरुंग, आई आणि सोडून गेलेली बायको एवढ्या भांडवलावर तो चालतो. आणि 'पंक' म्हणजे १९७०च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क-लंडनच्या पोरांनी काढलेला रागीट प्रकार. गिटारवर तीन कॉर्ड आल्या की बॅण्ड काढायचा, चौथी शिकायला थांबायचं नाही. १९८०च्या सुमारास काही पोरांनी ही दोन्ही एका पातेल्यात ओतली. नारायणगावला जशी तमाशाची पंढरी म्हणतात तशी नॅशव्हिल ही कंट्रीची पंढरी. तिथंच १९८१ साली 'जेसन अँड द स्कॉर्चर्स' नावाचं पथक निघालं आणि त्यानं वाडवडिलांची गाणी दुप्पट वेगानं आणि चौपट आवाजात वाजवायला घेतली. या प्रकाराला 'काउपंक' नाव पडलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये 'द पोग्ज'वाल्यांनी आयरिश लोकगीतांना हाच मसाला लावला.

"बरं, त्यांच्या गाई, त्यांचे पंक," मी म्हणालो. "आपल्या ओवीनं काय घोडं मारलंय?"

आणि मग मी बोललो. शुद्धता, परंपरा, मातीचा वास, तिन्ही काढले. मी या विषयावर सलग चाळीस मिनिटं बोलू शकतो. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात बोललोही आहे.

पुतण्या शांतपणे म्हणाला, "काका, आपल्या भजनी मंडळात पेटी आहे ना?"

"आहे. मग?"

"ती कुठली?"

या पोरांच्या हातात मोबाइल दिला तिथंच चुकलं. पेटी फ्रान्सची निघाली. अलेक्झांडर डेबेन नावाच्या गृहस्थानं १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये ती बनवली. ती आपल्याकडे आली तेव्हा आमच्यासारख्याच शुद्ध माणसांनी नाकं मुरडली. आकाशवाणीनं तर १९४०पासून पुढं जवळजवळ तीस वर्षं तिला दारात उभं केलं नाही. तिकडे नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या १९२५पासून चालत आलेल्या रेडिओ-कार्यक्रमातही ड्रमला कितीतरी वर्षं मज्जाव होता. म्हणजे सोवळं सगळीकडे सारखंच. फक्त कुठं पेटीला शिवायचं नाही, कुठं ड्रमला.

"आणि वरातीत बेंजो वाजतो तो?" पुतण्यानं दुसरा बाण सोडला.

आपला बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं वाद्य. ते मूळ जपानचं. नागोया शहरात १९१२ साली जन्मलं, इकडे येऊन बुलबुलतरंग झालं, आणि कर्ण्याला जोडल्यावर बेंजो झालं. बँजो हे नाव अमेरिकेतल्या कंट्रीवाल्यांच्या वाद्याचं. त्या वाद्याशी आपल्या बेंजोचं नावापुरतंच नातं. आणि अमेरिकेचा तो बँजो तरी अमेरिकेचा कुठं? आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी तो आठवणीतून बनवला. म्हणजे आफ्रिकेच्या वाद्याचं नाव लावलेलं जपानी यंत्र आमच्या नवरदेवाला मारुतीच्या देवळापर्यंत पोचवतं, आणि मी त्याच्यापुढं मातीच्या वासावर बोलतो.

मी गप्प झालो. गप्प झालेल्या माणसाला नको त्या गोष्टी आठवतात. मला नारायणगावच्या राहुट्या आठवल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाचे फड तिथं राहुट्या टाकतात आणि गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात. त्या तमाशात सिनेमाची गाणी शिरली, याचं दुःख मी अनेकदा व्यक्त केलेलं आहे. पण तिकीट काढून गण-गवळण-वग ऐकायला मी किती वेळा गेलो? एकदा, आणि तेही पासावर. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० असं दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. तरी २००२ साली त्या गेल्या, त्याआधीची वर्षं हलाखीचीच होती. शुद्ध लोककलेचे आम्ही सगळे कैवारी तेव्हा हयात होतो. शुद्धता राखायची कुणी, तर ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी; आणि तिचा अभिमान बाळगायचा आम्ही. असा हा वाटणीचा व्यवहार.

पण हार मानणं माझ्या रक्तात नाही. रात्रभर विचार केला आणि सकाळी चहा पिताना मुद्दा सापडला. चहाच्या कपातच सापडला. चहात दूध आणि पाणी असतं, पण त्याला कुणी भेसळ म्हणत नाही. तेच पाणी गवळ्यानं दुधात घातलं तर आपण त्याची सात पिढ्यांची चौकशी करतो. का? तर चहा 'मी चहा आहे' असं सांगून येतो आणि गवळी पाण्याला 'दूध' म्हणतो. मटकी, फरसाण, कांदा आणि तर्री एकत्र करून वर नावच 'मिसळ' ठेवलं, तर तिच्यावर कोण खटला भरणार? तेव्हा नाव सांगून एकत्र केलं ती मिसळ आणि नाव लपवून केलं ती भेसळ. पाप मिसळण्यात नसून लपवण्यात आहे.

हा सिद्धांत मला इतका आवडला की मी दुसरा कप मागितला. पुतण्याला उठवून विचारलं, "गाण्यावर आत्याचं नाव घातलंस का?"

"सगळ्यात वर घातलंय, काका. आजीचं नाव, गावाचं नाव, ओवी जात्यावरची आहे हेसुद्धा."

बरोबरच होतं त्याचं. पुणे जिल्ह्यात आणि आसपास गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याही गाणारीचं आणि गावाचं नाव टिपून. पुतण्या त्याच वाटेनं गेला होता. माझ्या सिद्धांताप्रमाणे तो निर्दोष सुटला.

"मग आत्याला ऐकव," मी म्हणालो.

आत्या अंगणात लसूण सोलत होती. तिच्या कानाशी मोबाइल धरला. ट्रॉली उलटली तशी ती दचकली, मग हसली. "लई दणका हाय रं! बिबट्या फिरकायचा न्हाई." पुढं मानेनं ताल धरून तिनं सगळं ऐकलं. मी मनातल्या मनात शरणागतीचा मसुदा तयार करत होतो. गाणं संपलं. आत्या लसणाकडे बघत म्हणाली, "आन् माझ्या भावाचं नाव कुटं गेलं?"

कुणी बोललं नाही.

तिचा भाऊ म्हणजे माझे वडील. आत्या चोविसाव्या वर्षी विधवा झाली. सासरी तिचं काय चाललंय हे कळल्यावर वडील रातोरात बैलगाडी जुंपून गेले आणि पहाटे तिला घेऊन आले. त्या पहाटेवर तिची ओवी आहे आणि ओवीत त्यांचं नाव आहे. पुतण्या चाचरत म्हणाला, "आजी, ते नाव तालात बसत नव्हतं. दोन मात्रा जास्त होत होत्या. म्हणून तेवढं काढलं."

"व्हय," आत्या म्हणाली. "गाडीबी लांबूनच आली व्हती."

एवढं बोलून तिनं पुन्हा लसूण हातात घेतला. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुतण्याचं सोडा. त्यानं आजोबांना पाहिलेलंही नाही. पण मी? आदल्या रात्री तेच गाणं मी ऐकलं होतं. गिटार ऐकली, ड्रम ऐकले, परंपरेवर प्रवचन दिलं, आणि त्यातून माझ्या बापाचं नाव गेलेलं माझ्या लक्षात आलं नाही. काय आत आलं, याच्यावर मी दारात पहारा देत होतो. मागच्या दारानं काय बाहेर गेलं, ते ज्या बाईला दिसलं तिला 'शुद्धता' हा शब्दही माहीत नव्हता.

तेव्हा माझ्या सिद्धांताला मी एक पुरवणी जोडली आहे. दुधात पाणी घातलं की आपल्याला लगेच कळतं, निदान आपण तसं म्हणतो. पण कुणी वरची साय काढून घेतली तर दूध तितकंच पांढरं दिसतं आणि मापही भरतं. मिसळणाऱ्याला 'तू काय घातलंस' एवढंच विचारून चालणार नाही. 'काढलंस काय?' हेही विचारलं पाहिजे, आणि ते जिचं दूध आहे तिला विचारलं पाहिजे.

पुतण्यानं गाणं पुन्हा केलं. आता वडिलांचं नाव येतं तिथं ड्रम थांबतात, दोन मात्रा लंगडतात आणि मग पुन्हा दणका सुरू होतो. आत्याला ते पसंत आहे. आमचा शेजारी रात्री पाणी धरायला जाताना तेच लावून जातो.

मला ते गाणं अजूनही आवडत नाही. पण रात्री शेजारी बांधावरून जायला लागला की मी बोलणं थांबवतो, आणि ते नाव येऊन जाईपर्यंत ऐकतो.