चढण आणि उतरण



पाऊस संपला, सह्याद्रीचे कडे सुकले, की आपल्या तरुणांचे पाय घरात ठरत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रस्तरारोहणाचा हंगाम. दोर, हेल्मेट पाठीवर घेऊन मुले शनिवारी रात्रीच निघतात. आईवडिलांची तक्रार असते, ‘रविवारची मिस्सा चुकते.’ मुले विचारतात, ‘डोंगरावर देव नाही का?’ आज आपण दोघांचेही म्हणणे मनावर घेऊ या.

डोंगरावर देव भेटतो, हे पवित्र शास्त्रच आपल्याला सांगते. मोशेला तो सीनायवर भेटला, एलीयाला होरेबवर. प्रभू येशू प्रार्थनेसाठी एकटाच डोंगरावर जात असे. तेव्हा मुलांना डोंगरापासून तोडू नये. पण डोंगरावर कसे जावे, हे आपण एका तरुण संताकडून शिकू या.

पिअर जोर्जो फ्रासाती यांचा जन्म १९०१ साली इटलीतील तुरीन शहरात झाला. वडील एका मोठ्या वृत्तपत्राचे संस्थापक, पुढे बर्लिनमध्ये इटलीचे राजदूत. घरी श्रीमंती होती, श्रद्धेचे वातावरण मात्र बेताचेच. पिअर जोर्जो खाण अभियांत्रिकी शिकत होते, कारण त्यांना खाणकामगारांमध्ये राहून प्रभूची सेवा करायची होती. आल्प्स पर्वत हे त्यांचे वेड. मित्रमैत्रिणींना घेऊन ते हिमशिखरे आणि कडे चढत. पण रविवारी आधी मिस्सा, मग चढाई, हा त्यांचा नेम होता. त्यासाठी ते पहाटेच उठत.

आणि पर्वतावरून उतरल्यावर? संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद म्हणून ते तुरीनच्या गरीब वस्त्यांत औषधे व अन्न घेऊन जात. ट्रामचे पैसेही कुणाला तरी देऊन टाकत आणि घरी पायी येत. घरच्यांना याची फारशी कल्पना नव्हती.

७ जून १९२५ रोजी त्यांनी शेवटची चढाई केली. कड्याला बिलगलेल्या त्या दिवसाच्या आपल्या छायाचित्रावर त्यांनी ‘उंचीकडे’ अशा अर्थाचे शब्द लिहिले. महिनाभरातच त्यांना पोलिओने गाठले. मृत्यूच्या आदल्या दिवशी, लुळ्या पडत चाललेल्या हाताने त्यांनी एक चिठ्ठी खरडली. ती एका गरीब रुग्णाच्या इंजेक्शनांविषयी होती. ४ जुलै रोजी, वयाच्या २४ व्या वर्षी, ते प्रभूकडे गेले. अंत्ययात्रेला लोटलेले गोरगरीब पाहून आपला मुलगा कोण होता, हे आईवडिलांना कळले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली त्यांना धन्य घोषित केले आणि पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद बहाल केले.

बंधुभगिनींनो, कड्यावर चढणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष असते. खाली उभा राहून त्याचा दोर सांभाळणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. पण वरचा निसटला, तर त्याला तोच तोलून धरतो. त्याने क्षणभरही दुसरीकडे पाहून चालत नाही. आपल्या धर्मग्रामात आज कुणाचा दोर आपल्या हाती आहे? दारूत बुडालेला शेजारी, कामधंदा सुटलेला भाऊ, एकट्या पडलेल्या आजीबाई. आपले लक्ष कुठे आहे?

रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तिथेच तंबू ठोकून राहावेसे वाटले. येशू मात्र शिष्यांना घेऊन खाली उतरला. पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी लेकराला घेऊन वाट पाहत होता.

म्हणून तरुणांनो, डोंगरावर अवश्य जा, पण मिस्सा करून जा. ज्या पाड्यातून तुम्ही वर जाता, जिथली माणसे तुम्हाला पाणी देतात, वाट दाखवतात, त्यांची येता-जाता विचारपूस करा. आणि पालकांनो, आपणही मुलांना नुसते अडवू नये. रविवारी मिस्सा आटोपली, की आपण कोणत्या गरजवंताच्या दारी जातो, हे मुले पाहत असतात.

हे प्रभो, आम्हाला उंचावर ने. आणि जिथे कुणीतरी आमची वाट पाहत आहे, तिथे खाली उतरण्याचे बळही दे. आमेन.