विषाला औषध म्हणताना

रोह्याजवळ, कुंडलिका नदीच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे. रसायनांच्या या वसाहतीत पिकांवरील कीड मारणारी द्रव्येही तयार होत आली आहेत. अशा कारखान्यात कामगाराने हातमोजे व मुखपट्टी चढवूनच कामाला लागावे, असा नियम असतो. कारण समोर विष आहे. असेच द्रव्य डब्यात भरून घाट चढते, सोलापूर-अहिल्यानगरच्या ज्वारीच्या मुलखात पोहोचते आणि दुकानाच्या फळीवर बसताच त्याचे नाव बदलते. तेथे त्याला 'औषध' म्हणतात.

शेतकऱ्याची निकड खोटी नाही. ज्वारी उगवते न उगवते तोच खोडमाशी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूस अंडी घालते. अळी पोंग्यात शिरून वाढीचा कोंब कुरतडते. पोंगा वाळतो, ओढताच हाती येतो. यालाच पोंगेमर म्हणतात. त्यातून वाचलेल्या ताटात खोडकिडा शिरतो. कणसाबरोबर कडबाही जातो, म्हणजे माणसाची भाकरी आणि गुराची वैरण एकदमच हरपते. योएल संदेष्ट्याने टोळधाडीवर विलाप केला. ख्रिस्तसभेच्या जुन्या लॅटिन विधिग्रंथात टोळ, उंदीर व कृमी यांच्यापासून शेत राखण्यासाठी स्वतंत्र प्रार्थना होती. तेव्हा कीड मारणे हेच पाप, असा उपदेश मी करणार नाही.

माझा प्रश्न नावापुरता आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्याची चिकित्सा करताना फसवण्याच्या हेतूला महत्त्व दिले. त्या कसोटीवर दुकानदार खोटारडा ठरत नाही आणि शेतकरीही नाही. पिकाला रोग झाला म्हणून औषध, एवढाच त्यामागचा भाबडा भाव. मग कोणाचाही हेतू वाईट नसताना एखादा शब्द दोषी ठरू शकतो काय?

ठरू शकतो, असे मला वाटते. औषध या शब्दात विश्वास भरलेला आहे. औषध उघड्या हाताने कालवावेसे वाटते, घरात धान्याशेजारी ठेवावेसे वाटते, मात्रा थोडी वाढवली तर गुण लवकर येईल असे वाटते. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांनी अतितीव्र विषाच्या डब्यावर लाल खूण आणि कवटीचे चित्र सक्तीचे केले. पण बोलीतील एका शब्दाने ती कवटी झाकून टाकली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे पुष्कळ होती. तो शब्द एकटाच अपराधी नव्हे. तरी आयुष्याला कंटाळलेला कोणी तोच डबा जवळ करतो, तेव्हाही गाव म्हणते, 'त्याने औषध घेतले.' त्या क्षणी या शब्दाचा पोकळपणा उघडा पडतो.

उत्पत्तीच्या ग्रंथात प्राणिमात्रांना नावे देण्याचे काम देवाने मानवाकडे सोपवले. नाव देणे ही जबाबदारी आहे. जो विषाला विष म्हणतो, तो प्रथम विचारतो, याविना भागेल काय? पुष्कळदा भागते. रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली, बियाणे थोडे अधिक वापरले आणि पोंगेमर झालेली रोपे उपटून नष्ट केली, तर खोडमाशीचा उपद्रव कमी होतो. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ही माशी बऱ्यापैकी सोसते. इतके करूनही फवारावे लागले, तर निदान फवारणाऱ्याला पुरते संरक्षण द्यावे. तो बहुधा शेताचा मालक नसतो. रोजावर आलेला मजूर असतो.

माझ्याही प्रवचनांत वर्षानुवर्षे 'औषध' हाच शब्द होता. आता मी 'विष' म्हणतो. शब्द बदलल्याने कीड कमी होत नाही, हे मी जाणतो. पण पाठीवर पंप घेऊन निघालेल्या मजुराला त्यात काय आहे, हे आपण खरे सांगितलेले असते. शेजाऱ्याविषयी खोट्या साक्षीची मनाई करणाऱ्या आज्ञेत एवढे तरी येतेच.