गाडी घाटातच तापते

आमच्याकडं एक जुनी पिकअप आहे. २००६ सालचं मॉडेल. मी ती २०१४ साली दुसऱ्याच्या हातून घेतली. संगमनेर तालुक्यात आमची जमीन. उन्हाळी टोमॅटो निघाला की सत्तर कॅरेट भरायचे आणि चंदनापुरीचा घाट चढून, घारगाव, बोटा, आळेफाटा करत नारायणगावचा बाजार गाठायचा. रस्ता साधारण ६५ किलोमीटरचा. एका कॅरेटमध्ये वीस किलो माल धरला तर चौदाशे किलो होतात. जुन्या गाडीला हे ओझं जास्तच, पण शेतकऱ्याला खेप वाचवायची असते.

या गाडीवर मी एक पोरगा ठेवला होता. शेजारच्या वस्तीवरचा, तेवीस-चोवीस वर्षांचा. मला तात्या म्हणायचा. दोन वर्षं गाडी चालवली, कुठं साधा ओरखडा आणला नाही.

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी तोडा उशिरा आटपला, गाडी निघायला अकरा वाजले. दुपारी त्याचा फोन आला, "तात्या, घाटात काटा लालात गेलाय. गाडी कडंला घेतलीय. गार झाल्याशिवाय हलवत नाही." पाऊण तास तो तिथं थांबला. बाजारात पोचला तोवर लिलाव निम्म्यावर आलेला. आधीच्या मालाला दोनशे रुपये कॅरेट मिळालं होतं, आमचं एकशेचाळीसनं गेलं. सत्तर कॅरेटचा हिशेब मी जागेवर केला. बेचाळीसशे रुपये त्या पाऊण तासात गेले.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा मी पारावर बसलो होतो. चार माणसं होती. तिथंच मी त्याला झापलं. "गाडी रगडतोस. घाटाला कुठला गिअर टाकावा ते कळत नाही. नाहीतर मधी कुठं चहाला टेकला असशील." तो एवढंच बोलला, "तात्या, गाडी घाटातच तापती. सपाटीला कायच होत न्हाई. महिना झाला मी सांगतोय."

खरंच सांगत होता. मी दर वेळी "पाणी टाक" म्हणून विषय मिटवायचो. त्या दिवशी मी त्याच्या पगारातून दोन हजार कापायचं पारावरच जाहीर केलं. महिना भरला, त्यानं उरलेले पैसे घेतले, किल्ली ओट्यावर ठेवली आणि गेला. नंतर आला नाही. मी म्हणालो, गेला तर गेला, ड्रायव्हर पैशाला पासरी मिळतात.

पुढच्या खेपेला मीच गाडी घेऊन निघालो. दुसरा गिअर, हळू, जपून. निम्मा घाट चढलो आणि काटा लालात.

आमच्या गावच्या फाट्यावर एक मिस्त्री आहे. शाळेत फार गेलेला नाही, पण त्याच्याकडं गेल्यावर तो आधी पाना हातात घेत नाही, प्रश्न विचारतो. मी म्हणालो, "गाडी गरम होते, पंप बदलून टाक." तो म्हणाला, "थांबा. उभी असताना तापती का चालताना? सपाटीला तापती का चढाला? पाणी कमी होतंय का? पांढरा धूर येतो का?"

मग मला समजावून सांगितलं. गाडी उभ्याउभ्या तापली आणि पळायला लागली की गार होत असेल, तर पंख्याकडं बघायचं, कारण पळताना वारा आपोआप लागतो. सपाटीला ठीक आणि ओझं घेऊन चढाला तापत असेल, तर इंजिन जेवढी उष्णता काढतंय तेवढी रेडिएटर बाहेर टाकू शकत नाही, असा पहिला संशय धरायचा. पाणी कमी होत असेल तर ते जातंय कुठं ते शोधायचं. नळी गळते, पंप गळतो, नाहीतर हेडचं पॅकिंग गेलेलं असतं.

मी ऐकत होतो आणि माझ्या कानात दुसराच आवाज होता. गाडी घाटातच तापती, सपाटीला कायच होत न्हाई. मिस्त्रीला जे उत्तर हवं होतं ते पोरानं महिनाभर आधी मला फुकट दिलं होतं.

मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी मागवली. गरम रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं नाही. आत दाब धरलेला असतो, झाकण फिरवलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. झाकण तो दाब धरतं म्हणून पाणी शंभर अंशाच्या पुढं गेलं तरी उकळत नाही. झाकणाचा रबर गेला की ते लवकर उकळतं. रबर बघितला, चांगला होता. झाकण काढून इंजिन चालू केलं आणि पाण्याकडं बघत बसला. बुडबुडे नाहीत. ऑइलची काडी काढली, तिला दुधासारखी साय नाही. म्हणजे पॅकिंग शाबूत. पट्टा अंगठ्यानं दाबला, ठीक. पंपाची पुली हलवली, खेळ नाही, गळती नाही. पुढच्या जाळीत भुसा आणि किडे अडकले होते, ते आतल्या बाजूनं हवा मारून बाहेर काढले. मग थर्मोस्टॅटची जागा उघडली. ती रिकामीच निघाली.

"हे कुणी काढलं?"

मीच काढायला लावलं होतं. गाडी घेतली तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, उन्हाळ्यात त्याचं काय काम, काढून टाका. मी टाकलं.

शेवटी गाडी तापवली, बंद केली आणि पंखा थांबल्यावर त्यानं रेडिएटरवरून हाताचा पंजा फिरवला. मलाही फिरवायला लावला. वर चटका बसत होता, आणि मधे दोन-तीन जागी हात ठेवता येत होता. "तिथनं पाणीच जात नाही," तो म्हणाला. रेडिएटर खाली उतरवला, डाख वितळवून वरची टाकी उघडली. आतल्या नळ्यांची तोंडं पांढरी झाली होती. निम्म्याहून जास्त बुजलेल्या. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तसा खडा क्षार.

"पाणी कुठलं टाकता?"

"बोअरचं."

तो काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. आमचं बोअर क्षारी आहे हे मला तीस वर्षं माहीत आहे. याच पाण्यानं ठिबकचे ड्रीपर बुजतात म्हणून मी वेळच्या वेळी नळ्यांत ॲसिड सोडतो. शिवाराला मी शहाणपण सांगतो की क्षारी पाणी आणि बारीक नळी यांचं जमत नाही. आणि गाडीत मात्र तेच पाणी ओतत होतो, कारण कूलंट विकत आणावं लागतं. पोरानं दोनदा कूलंटचा डबा मागितला होता. मी म्हणालो होतो, पाणी ते पाणी.

निघताना मिस्त्रीनं आणखी एक सांगितलं. "तात्या, हेड वाचलं तुमचं. काटा लालात असताना दामटली असती, नाहीतर गरम इंजिनात गार पाणी ओतलं असतं, तर हेड वाकलं असतं, चिरलं असतं. गाडी थांबवणारा शहाणा होता."

म्हणजे ज्या पाऊण तासासाठी मी त्याचे पैसे कापले, त्या पाऊण तासानं माझं इंजिन वाचवलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. मी स्वतःला विचारत होतो, माझी चूक नेमकी कुठली? क्षारी पाणी टाकलं ही चूक झाली, पण ती कंजुषीची. रेडिएटर साफ करून ती निस्तरता येते. दुसरी चूक वेगळी होती. मिस्त्रीचा नियम आहे, स्वस्तातलं आधी तपासा. झाकण, पट्टा, नळी, मग पंप, मग हेड. मीही स्वस्तातलं आधी धरलं. माझ्या सगळ्या गाडीत सगळ्यात स्वस्त भाग तो पोरगा होता. फरक एवढाच की मिस्त्री तपासतो, आणि मी तपासल्याशिवाय बदलून टाकलं.

काटा असतो ड्रायव्हरच्या समोर. तो लाल झाला की ज्याच्या समोर झाला त्याचाच दोष आपल्याला दिसतो. बिघाड मात्र कधी मालकाच्या अंगणातल्या पाण्याच्या बादलीतून सुरू झालेला असतो. उन्हात, वळणावर, ओझं घेऊन जो उभा असतो त्याला उत्तर द्यावं लागतं. बादली भरणारा पारावर बसून प्रश्न विचारतो.

माझे वडील बैलांवर शेती करायचे. एकदा नांगरट चालू असताना आमचा एक बैल तासातच बसला. मी लहान होतो, चाबूक घेऊन धावलो. वडिलांनी माझा हात धरला आणि जू उचलून दाखवलं. बैलाचा खांदा सुजून आला होता. ते म्हणाले, "बैल बसला की आधी खांदा बघायचा." पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे मळतो, हळद लावतो. वर्षभराच्या ओझ्याची ती विचारपूस असते. हे सगळं मला ठाऊक होतं. पण बैल गेले, गाडी आली, आणि तो प्रश्न मी बैलांबरोबरच विकून टाकला.

कुणी म्हणेल, ड्रायव्हरचीही चूक असू शकते की. असू शकते. पोरं गाडी रगडतात, खोटं बोलतात, हे मीही बघितलंय. पण चूक त्याची निघाली असती तरी विचारायला माझं काय गेलं असतं? विचारणं ही काही मेहेरबानी नव्हे. मिस्त्री गाडीला प्रश्न विचारतो तो गाडीवर दया म्हणून नाही, खरं काय ते कळावं म्हणून. माणसाला तेवढं तरी द्यावं.

मी त्याच्या वस्तीवर गेलो. दोन हजार दिले, माझंच चुकलं म्हणालो. त्याच्या आईनं चहा ठेवला. तो एका दुधाच्या गाडीवर लागला होता. पैसे त्यानं मोजले नाहीत, आईच्या हातात दिले. मग विचारलं, "आता कशी चालती गाडी?"

"रेडिएटर साफ केला. थर्मोस्टॅट बसवला. कूलंट टाकलं."

"घाटात?"

"काटा निम्म्याच्या वर जात नाही."

त्यानं मान हलवली. परत या कामाला, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि त्यानंही विषय काढला नाही.

परत येताना वाटलं, फिटलं. पण फिटलं नव्हतं. आरोप मी पारावर केला होता आणि कबुली त्याच्या घरात, चार भिंतींत दिली होती. गावात अजून तो गाडी रगडणारा ड्रायव्हरच होता. मग पारावर, तीच माणसं असताना, सगळं सांगितलं. बोअरचं पाणी, बुजलेल्या नळ्या, पाऊण तास. एक जण हसून म्हणाला, "तात्या, ड्रायव्हरसाठी एवढं कोण सांगत बसतं?" मी काही बोललो नाही. मे महिन्यात त्याला झापायला मला दोन मिनिटं लागली होती. हे सांगायला त्या पारापर्यंत यायला दिवाळी उजाडली.

गाडी अजून आहे. आता तिच्यावर दुसरा पोरगा आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याचा घाटातून फोन आला, काटा वर चाललाय म्हणाला. तोंडात आलेला शब्द मी गिळला आणि विचारलं, "तू ठीक आहेस ना? सावलीत उभी कर. आता सांग, कधीपासून तापायला लागली?"